सल्ला हवा: घरखर्चाच्या बजेटमध्ये दान कसं बसवायचं?

तापीकाठ:
आम्ही दोघं जळगावात. पगार महिन्याला येतो, पण चोपड्याकडच्या केळीचा पैसा कधी आणि किती येईल याचा नेम नाही. श्रावणात कानबाईचा उत्सव, मग गणपतीची वर्गणी, लग्नसराईत आहेर, मध्येच गावचा भंडारा. द्यायला ना नाही, पण जो मागायला येतो त्याला जातं. गावच्या जिल्हा परिषद शाळेला मनापासून द्यायचंय, तिच्या वाटेला काही उरत नाही. कुणी हे बसवलंय का? ॲप, वही, काहीही सुचवा.

खळवाडी:
ॲप राहू दे भो. आधी आहेर दानातून बाहेर काढा. तो फिरून घरी येतो, म्हणून तर आपण त्याची वही ठेवतो. तो घरखर्चात धरा. वर्गणीचा वर्षाचा आकडा घरात बसून ठरवा. पोरं पावतीपुस्तक घेऊन आली की त्यातूनच द्या, संपला की हात जोडा. दानाला वेगळं बचत खातं. पगार झाला की ठरलेली रक्कम आपोआप तिकडे वळेल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा आणि त्या खात्याचं कार्ड घेऊच नका.

केळीच्या पैशाला रक्कम नको, टक्का लावा. भाव पडला तर दानही तेवढं कमी, टोचत नाही. आम्ही कापूस विकल्याची पट्टी नि पैसे हातात पडले की त्याच संध्याकाळी शेकडा दोन बाजूला काढतो. थांबलं की मग ‘पैसा उना नि गया’.

भरीतवाली:
दादांचं पटलं, पण आधी तीन-चार महिन्यांचा घरखर्च शिलकीत हवा. वादळात बाग आडवी झाली तर काय खाणार? तोवर दान लहान ठेवा, बंद नको. पोस्टाची पाच वर्षांची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, महिना १०० रुपयांपासून होते. शाळेसाठी मोठं काही मनात असेल तर ती लावा.

जमाखर्च:
करसवलत डोक्यात असेल तर देणगीवरची प्राप्तिकर वजावट (८०जी म्हणून ओळखली जाणारी) जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. २००० रुपयांच्या वर रोख दिलेली देणगी त्यात धरत नाहीत. संस्थेकडून नुसती पावती नको, करासाठीचं देणगी प्रमाणपत्रही मागून घ्या.

तापीकाठ:
आम्ही नव्या प्रणालीत आहोत, म्हणजे तो प्रश्नच मिटला. शाळेला रोख द्यावी का?

भरीतवाली:
मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा काय लागतंय, आणि वस्तूच द्या. पाणी शुद्ध करायचं यंत्र देणार असाल तर त्याच्या दुरुस्तीचेही पैसे धरा. एकदा बिघडलं की ते कोपऱ्यात पडतं, असं मी बऱ्याच शाळांत पाहिलंय.

खळवाडी:
आणि वर्ष मार्चचं धरू नका. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आपल्याकडे आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) धरतात, दानाचंही तेव्हापासून धरा. मार्चमध्ये विम्याचे हप्ते असतात, तेव्हा कुणाचाच हात सैल नसतो.