हंगर गेम्सचा दुसरा भाग पुढं वाचू का?

कापूसवेचणी:
पहिला भाग दोन रात्रीत संपवला. आता दुसरा, कॅचिंग फायर, तीन प्रकरणं झाली तरी घरच्याच गोष्टी, तो राष्ट्राध्यक्ष येऊन धमकी देऊन गेला बस. ते जिवावरच्या खेळाचं रिंगण येते कधी? दिवसभर वेचणी, बोंडाच्या टोकानं बोटं सोललेली, स्क्रीनले हात लावला तरी झोंबते, अन् लाइट असली तरच चार्जिंग, म्हणून इचारून राह्यली.

वर्धेचा वाचक:
सोडू नका ताई! चौथ्याच प्रकरणात अकरावा जिल्हा येते, शेतीवाला, खेळात उतरलेली ती लहान पोरगी रू तिथलीच ना. पहिल्या भागात तिनं सांगितलं होतं, पीक आपणच काढायचं पण त्यातलं खाल्लं तर सगळ्यांसमोर फटके. आता तिथं एक म्हातारा तिची चार सुरांची शिट्टी वाजवते. पुढचं सांगत नाही, मी तर फोन उलटा ठेवून अंगणात जाऊन बसलो होतो.

रातचा दिवा:
रिंगण १९व्या प्रकरणात येते, एकूण २७ हायेत. पण दर २५ वर्षांनी खेळाचा खास नियम असते अन् हे ७५वं वर्ष, तो नियम कळला की झोप उडते पाहा. माह्या मते तीनही भागात हाच भारी. तिसरा हाताशी ठेवा, हा मधातच तुटते.

कापूसवेचणी:
चौथं वाचलं आत्ता. त्या म्हाताऱ्यानं डोक्यातून जाऊच नाही दिलं. आई इचारते काऊन रडून राह्यली, तिले सगळी गोष्ट सांगत बसली.