जीपचं पाणी हळूहळू कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही

पूर्णाकाठचा (दर्यापूर तालुका):
राम राम मंडळी. घरी 2003 ची डिझेल जीप आहे, बाबांच्या हातची. सरकीच्या पोत्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं तिच्यावरच. दिवाळीपासून रेडिएटर पाणी पिऊन राहिलं. सकाळी झाकण उघडलं की पातळी बोटभर खाली, जास्त फिरणं झालं की अर्धा तांब्या लागतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, तो कोरडाच. पाणी घरच्या बोअरचं. बहीण धारणीला दिली आहे. तिकडं जाताना परतवाडा सुटून घाट लागला की तापमानाचा काटा वर सरकतो, एरवी मधोमध असतो. पांढरा धूर नाही, डीपस्टिकवर ऑइल स्वच्छ. गॅरेजवाल्यानं रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) बदलला, फरक नाही. आता म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू. एवढा खर्च करण्याआधी कुठं कुठं पाहावं?

मेळघाट_लाइन:
भाऊ, चमचाभर हळद टाका रेडिएटरमधे. सेमाडोहच्या रस्त्यावर आमचे पुष्कळ डायवर असंच भागवतात. बारीक छिद्र बुजते.

जुना_पाना (मूर्तिजापूर):
हळदीनं त्या दिवसापुरतं घर गाठता येतं, हे खरं. पण ती गळक्या जागीच बसेल असं नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि आपल्या खारपाणपट्ट्यात त्या नळ्या आधीच क्षारानं भरत आलेल्या असतात. यांचा काटा घाटात चढतो आहे. हळद टाकू नका भाऊ, हात जोडून सांगतो.

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली. हेड हा सगळ्यात शेवटचा विषय. पुठ्ठा कोरडा आहे ही फार कामाची गोष्ट सांगितली तुम्ही. म्हणजे गाडी उभी असताना गळत नाही, गरम होऊन दाब चढला की गळते. तापलेल्या लोखंडावर पडलेलं पाणी जमिनीपर्यंत पोचतच नाही, त्याची वाफ होते. मागं राहतो तो डाग. तोच शोधायचा. बोअरच्या पाण्याची पांढरी रेघ राहते, कूलंटचा रंगीत चिकट पापुद्रा धरतो.

सकाळी इंजिन पुरतं थंड असताना टॉर्च घेऊन आधी वॉटर पंप पाहा. पुलीच्या मागं, पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. ते कंपनीनंच ठेवलेलं असतं, सील गेलं की पाणी बेअरिंगमधे न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. कोणी काहीही म्हटलं तरी ते बुजवू नका. त्याच्याखाली रेघ आहे का, फॅनबेल्टच्या आजूबाजूला शिंतोडे उडालेत का, नीट पाहा. पुली धरून वर-खाली हलवून बघा. मग इंजिन ब्लॉकच्या बाजूच्या डम्या, म्हणजे भोकांवर ठोकलेली गोल बुचं, पाहा. पातळ पत्र्याच्या असतात, खाऱ्या पाण्यानं आतून कुजतात आणि तांबडा ओघळ येतो.

एवढ्यावर दिसलं नाही तर प्रेशर टेस्टर. रेडिएटरवाल्याकडं असतो. झाकणाच्या जागी बसवून हातपंपानं दाब द्यायचा, झाकणावर लिहिला असेल तेवढाच. 0.9 लिहिलं असेल तर 0.9 बार, जास्त दिला तर जुना रेडिएटर उसवतो. इंजिन थंड असल्यानं वाफ होत नाही, गळकी जागा ओली दिसते. पंधरा-वीस मिनिटं टेस्टरचा काटा उतरला नाही पाहिजे.

झाकणही त्याच टेस्टरवर तपासून घ्या. 0.9 बार दाब असला तर साधं पाणीसुद्धा 118 अंशाच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली की तो दाब राहत नाही, आणि घाटात पाणी ओव्हरफ्लोच्या नळीनं रस्त्यावर जातं. अंगणातल्या पुठ्ठ्याला ते कुठून कळणार?

हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा, संशय कधी घ्यायचा? थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज टणक झाला, किंवा झाकण काढून सुरू केल्यावर बुडबुडे थांबेचनात, तर. गरम गाडीचं झाकण मात्र कधीच उघडू नका. चेहरा भाजलेली माणसं पाहिली आहेत मी.

पूर्णाकाठचा:
काका, सापडलं! पंपाच्या भोकाखाली पांढरी रेघ होती, पार ब्लॉकपर्यंत गेलेली, नखानं खरवडली तर भुकटी पडली. पुली हलवली तर खटखट. अंजनगावला टेस्टर लावला, दाब चढताच भोकाशी थेंब धरला. झाकणही दाब धरत नाही म्हणाले. पंपाचं दुरुस्तीचं किट टाकू की नवा पंप घेऊ? आणि पाणी कोणतं भरू?

जुना_पाना (मूर्तिजापूर):
पुली खेळते आहे म्हणजे बेअरिंग गेलं. पूर्ण पंपच घ्या, झाकण आणि बेल्टही नवा टाका. पंप उतरला की आतून पाणी स्वच्छ येईपर्यंत सिस्टीम धुवा. मग कूलंट आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं पुष्कळ जण म्हणतात. अहो, ते गंज थांबवायला लागतं. बोअरचं पाणी पुन्हा घालू नका. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं, सांडलेलं कुत्रं चाटतं, शेळी पिते. अंगणात सांडू देऊ नका, डबा झाकून वर ठेवा.

भरताना थंड इंजिन झाकण उघडं ठेवून संथ चालू द्या. हवा निघेल तशी पातळी खाली जाईल, तेवढं भरत राहा. एवढं करूनही घाटात काटा चढलाच, तर रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ करून घ्या.