रंगावर जाऊ नका

इक्वाडोरमध्ये अँडीजच्या पूर्व उतारावर दिव्यापाशी आलेल्या दोन पतंगांचे फोटो तुम्ही टाकलेत, एक पिवळा, एक विटकरी. 'या दोन जाती का?' हा प्रश्न. वरच्या प्रतिक्रियेत कुणीतरी दोन्हींना रोथशिल्डिया (मोठ्या रेशीम-पतंगांची एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट) म्हटलंय, ते मला पटत नाही. रोथशिल्डियाच्या चारही पंखांत मधोमध मोठी, बहुधा त्रिकोणी पारदर्शक खिडकी असते. तो आपल्याकडच्या अॅटलास पतंगाच्या उपगटातला. तुमच्या फोटोत झूम करून बघा: पंखावर लहान गोल ठिपका, कडेला गडद रेघ, आतून मागचा पांढरा पडदा चक्क दिसतोय. हा कोपाक्सा, म्हणजे दुसरीच प्रजाती. भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशमाच्या पतंगाचा लांबचा भाऊबंद!

आता रंग. कोपाक्सात एकाच जातीत पिवळे, तपकिरी, गुलाबीसर असे सगळे निघतात, त्यामुळे रंगावरून दोन जाती ठरवणं म्हणजे फसणं. नर-मादीतही फरक असतो. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, तेवढं आधी बघा. मग खिडक्या, म्हणजे ते पारदर्शक ठिपके, मोजा. मेक्सिकोकडच्या एका जातीचं नावच मल्टिफेनेस्ट्राटा, म्हणजे 'बहुखिडकी'. फोटोसोबत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलीत तर फार बरं, कारण जवळच्या जाती कधीकधी उंचीनुसार वाटून राहतात. अळी सापडली तर झाडही नोंदवा. काही जाती अॅव्होकॅडोवर वाढतात.

एवढं करूनही अडलं तर जननेंद्रियांची तपासणी किंवा डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा). नुसत्या बारकोडवर नवी जात जाहीर करायची घाई मात्र मला खटकते. तोवर 'कोपाक्सा, जात अनिश्चित' एवढंच लिहा.