आयटी सोडून ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी काम करायचंय

हिंजवडीकर: अकरा वर्षं टेस्टिंग केलं. वय ३६, घराचा हप्ता अजून सात वर्षं. गाव बीड जिल्ह्यात, केजजवळ. दिवाळीच्या सुमारास अर्धं गाव ऊसतोडीला जातं, पोरं फडात, वर्ष बुडतं. नोकरी सोडून शाळा काढू का?

बाई_माजलगाव: शाळा कशाला काढताय, शाळा आहे! पोरं गावात राहायला हवीत. हंगामी वसतिगृह (आई-बाप तोडीला गेले की पोरांची गावातच सोय), शिक्षण हमी कार्ड (पोर बाहेरगावी गेलं तरी तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून), सगळं कागदावर आहे. पंचायत समितीत खेटे घालणारं माणूस नाही. आधी पोरं ज्यांच्याकडे राहतील त्या आजी-आजोबांना भेटा.

बँक_सोडलेला: एक हंगाम बिनपगारी रजा काढून बघा. मी थेट राजीनामा दिला, दुसऱ्या वर्षी पीएफ संपला. हप्त्याचं घरी बोललात?

हिंजवडीकर: नाही अजून. रविवारी बोलतो.