उघड्या जखमेला व्हॅक लावावं की साधं ड्रेसिंगच बरं?

धाकट्या भावाचा अपघात झालाय, नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. परवा ऑपरेशनमध्ये जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, रॉड घातला, पण जखम उघडीच ठेवलीय. आता डॉक्टर म्हणतात व्हॅक (जखमेतला स्राव खेचून घेणारं मशीन) लावू नाहीतर साधं ड्रेसिंग करू, दोन्ही चालेल, तुम्ही सांगा. मशीनने इन्फेक्शन खरंच कमी होतं का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा, उद्या सकाळी कळवायचंय.

प्रतिसाद १
ताई, मी ऑर्थो वॉर्डात नर्स आहे. डॉक्टर टाळत नाहीयेत, खरंच दोन्ही चालतं. ब्रिटनमध्ये अशाच पायाच्या उघड्या फ्रॅक्चरच्या ४६० पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २०१८ ला छापून आली. खोल इन्फेक्शन व्हॅकवाल्यांत ७.१ टक्के नि साध्या ड्रेसिंगवाल्यांत ८.१, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही, आणि वर्षाने पाय किती चालतोय त्यातही नाही. खरं काम जखम नीट साफ करणं, अँटिबायोटिक वेळेत सुरू होणं आणि जखम लवकर झाकणं या तिन्हींचं असतं.
मग व्हॅक कशाला? जखमेत स्पंज भरून वरून प्लास्टिकची फिल्म चिकटवतात, मशीन साधारण १२५ मिमी पाऱ्याइतकं खेचतं, स्राव नळीतून डब्यात जातो. खूप पाझरणारी जखम असेल तर गादी-चादर कोरडी राहते आणि ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी एकदाच उघडावं लागतं, पेशंटचे हाल वाचतात. माझं मत विचाराल तर पाझरत असेल तर व्हॅक, नसेल तर साधं.

प्रतिसाद २
मला मांडीला होतं, तीन आठवडे. स्पंज काढताना जीव जातो हो, नवं मांस त्याच्या छिद्रांत शिरलेलं असतं. पहिल्यांदा तसाच ओढला, मी ओरडलोच. पुढच्या वेळी दुसऱ्या सिस्टरनी आधी सलाईन सोडून भिजवत ठेवला, वेदनेचं औषध अर्धा तास आधी दिलं आणि आत घातलेले तुकडे मोजून तेवढेच बाहेर आले का बघितलं. हे तिन्ही आधीच बोलून ठेवा.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. चादर तर दिवसातून दोनदा बदलतोय आम्ही. पण त्याला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन चालू आहे, ते चालतं का?

प्रतिसाद १
चालतं, पण व्हॅक लावणाऱ्याला आठवण करून द्या आणि जखमेत मोठी रक्तवाहिनी उघडी नाही ना ते विचारा. नळीत ताजं लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद करायचं, जखमेवर दाब धरायचा, लगेच हाक मारायची. मशीन दोन तासांच्या वर बंद राहिलं तर स्पंज काढून साधं ड्रेसिंग करायला सांगा, आत तसाच कुजू देऊ नका. आणि प्लास्टिक सर्जन जखम कधी झाकणार ती तारीख उद्याच विचारून घ्या, व्हॅक लावलंय म्हणून ते पुढे ढकललं जाता कामा नये.