मदत हवी आहे: केव्हीएमचा पॅच टेस्टमध्ये वेगवान, खऱ्या मायग्रेशनमध्ये गेस्ट रखडतो

केव्हीएम म्हणजे लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) चालवणारी सोय; लाइव्ह मायग्रेशन म्हणजे चालू गेस्ट दुसऱ्या यंत्रावर हलवणं. इंटेलचं दोन सॉकेटचं मशीन, टीडीपी एमएमयू (गेस्टच्या मेमरीची टेबलं सांभाळणारा केव्हीएमचा भाग) चालू, गेस्टला ६४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), मेमरी १ जीबीच्या ह्यूजटीएलबी (मोठ्या) पानांवर. मायग्रेशनमध्ये बदललेली मेमरी नोंदवायला (डर्टी लॉगिंग) असं एक पान ४ केबीपर्यंत फोडायचं तर ५१३ टेबल-पानं लागतात आणि मूळ कोड प्रत्येकासाठी एमएमयू लॉक (त्या टेबलांचं कुलूप) सोडून मेमरी मागतो. माझा पॅच ती आधीच गठ्ठ्याने घेऊन ठेवतो.

डर्टी_लॉग_पर्फ_टेस्ट या केव्हीएमच्या वेग-चाचणीत आकडे झकास. पण तिथे लॉगिंग सुरू होताना व्हीसीपीयू थांबलेलेच असतात, त्यामुळे तिच्यावर फार भरवसा नाही. क्यूईएमयूने (केव्हीएम वापरून गेस्ट चालवणारा प्रोग्राम) खरं लाइव्ह मायग्रेशन केलं की पहिल्या फेरीत गेस्ट अडखळतो, पुढे सुरळीत. (फोडाफोड क्लिअर डर्टी लॉग या कॉलमध्ये, राइट लॉक (बाकी सगळ्यांना अडवणारा) धरूनच होते.)

करून पाहिलं: न्यूमाचा (दुसऱ्या सॉकेटची मेमरी हळू मिळण्याचा) संशय म्हणून सगळं एकाच नोडवर बांधलं, फरक नाही. ईगर स्प्लिट (पानं आधीच फोडून ठेवणं) बंद केलं तर ही अडखळ जाते, पण मग प्रत्येक फॉल्टला पान फुटतं, तो उपाय नव्हे. लूपमधला कंड_रिशेडचा (गरज असेल तर सीपीयू दुसऱ्या कामाला देणारा) कॉल जसाच्या तसा आहे.

कर्नल व्हॉलंटरी प्रीएम्प्शनचा (कर्नलमधलं काम ठरावीक जागीच सीपीयू सोडतं) आहे, तो बदलता येणार नाही. लॉक-स्टॅट (लॉकसाठीची वाट मोजणारं साधन) लावलं की टायमिंगच बदलतं, म्हणून तेही नको.

आरडब्ल्यूलॉक_नीडब्रेक (लॉकसाठी कोणी खोळंबलंय म्हणून तो सोडावा का, हे सांगणारं फंक्शन) या कॉन्फिगमध्ये कायम शून्यच देतं का, म्हणजे मेमरी मागताना सुटणाऱ्या लॉकमुळेच व्हीसीपीयूंना आजवर वाट मिळत होती का? आणि हे चालत्या मशीनवर, टायमिंग न बिघडवता, कसं पडताळायचं?