अकरा वर्षं ओळखीचं दुकान, पुलावातून बाधा झाली. तक्रार करावी का?

सिंहगडरोडवाली

नमस्कार मंडळी. मी धायरीत राहते. प्रश्न छोटा आहे, पण आधी काय झालं ते सांगते.

मागच्या रविवारी नणंद आणि तिचे मिस्टर अचानक आले, म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून पार्सल मागवलं. दोन व्हेज पुलाव, एक शेजवान राईस, दाल तडका आणि रोट्या. साडेआठला जेवायला बसलो. साडेदहाला सासऱ्यांना मळमळायला लागलं, अकराला पहिली उलटी झाली. पाठोपाठ माझी नऊ वर्षांची लेक, मग नणंदेचे मिस्टर. सासरे 74 वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. पहाटे तीनपर्यंत त्यांच्या सात उलट्या मी मोजल्या. आठवीनंतर त्यांना उभंही राहता येईना, तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात नेलं आणि सलाईन लावलं. मी आणि नणंदेने फक्त रोटी आणि दाल खाल्ली होती, आम्हाला काहीही झालं नाही. भात चौघांनी खाल्ला, त्यातले तिघं आजारी पडले. माझ्या नवऱ्याने दोनच घास खाल्ले होते, तो वाचला.

पुलावाला वास नव्हता. चव नेहमीचीच, वर तळलेले काजू. फक्त डब्याचं झाकण काढलं तेव्हा वाफ आली नाही, भात कोमट होता. दुकान दोनशे पावलांवर, शिजवून लगेच बांधला असता तर तो कोमट कसा असेल, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. आता रोज येतं.

या माणसाला आम्ही अकरा वर्षं ओळखतो. लेकीच्या बारशाचं जेवण त्याच्याकडूनच होतं. 2025 च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसची, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली, ते दिवस इकडच्या लोकांना विसरता येणार नाहीत. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, रोज कुणीतरी पायातलं बळ गेलं म्हणून दवाखान्यात. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, आणि सगळ्यांनी बाहेरचं खाणं बंद केलं. तेव्हा या माणसाने दारात पाटी लावली होती, ‘स्वयंपाकाला आणि प्यायला उकळलेलं पाणी’. मी स्वतः मागच्या बाजूला त्याची पातेली उकळताना बघितली आहेत. त्या काळात आम्ही बाहेरचं खाल्लं ते फक्त त्याचंच. म्हणूनच मला जास्त लागलं आहे. अनोळखी हॉटेल असतं तर मी सोमवारीच तक्रार केली असती.

आता तक्रार करावी की नाही? केली तर त्याचं दुकान बंद पडेल का? दोन मुलं शिकतात त्याची. आणि न केली तर पुढच्या रविवारी आणखी कुणाचे सासरे असतील. पुलाव थोडा उरला आहे, फ्रीजमध्ये ठेवला आहे, तो कुठे तपासून मिळतो का? जाणकारांनी कृपया सांगा.

पोळीभाजीवाली_कोथरूड

ताई, आधी सासऱ्यांची तब्येत सांभाळा. मीठ-साखर-पाणी थोडं थोडं, घोटघोट देत राहा.

मी आणि माझ्या मिस्टरांनी कोथरूडमध्ये नऊ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं, शिवाय रात्रीचे डबे. आता बंद केलं आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. तुम्ही जे लिहिलंत, दोन तासांत उलट्या आणि फक्त भात खाणाऱ्यांना, त्यावरून माझं लक्ष पहिल्यांदा भाताकडेच जातं. नक्की काय ते डॉक्टर सांगतील.

पार्सलच्या धंद्यात पुलाव किंवा फ्राइड राईस ऑर्डर आल्यावर शिजत नाही. भात दुपारी एकदाच मोठ्या टोपात होतो. संध्याकाळी ऑर्डर येईल तसा त्यातला दोन डाव काढून कढईत परततात, मसाला, भाज्या, काजू, झालं. यात चूक काही नाही, सगळीकडे असंच चालतं. चूक होते ती दुपार आणि संध्याकाळच्या मधल्या वेळात. भाताच्या दाण्यावर बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. टोप ओट्याखाली फडकं टाकून ठेवला की भात पाच-सहा तास कोमट राहतो आणि त्या उबेत ते वाढतात, विष तयार करतात. आणि ते विष कढईत कितीही खरपूस परतलं तरी जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. म्हणून तुम्हाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही कळलं नसेल.

मला हे कसं माहीत, तर आमच्याकडे एकदा आमटी आंबली. पावसाळ्याचे दिवस, वीस लिटरचं पातेलं. रात्री साडेनऊला गॅस बंद करून झाकून तसंच फ्रीजमध्ये ढकललं. मनात म्हटलं, फ्रीजमध्ये आहे, आता काळजी नाही. सकाळी सहाला डाव बुडवला तर वरची आमटी गार आणि मध्ये हात ठेवावा इतकी कोमट, बारीक बुडबुडे येत होते. सगळं पातेलं मोरीत ओतलं. त्या दिवशी 42 डबे होते, मिस्टरांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं की आज आमटी नाही. त्या दिवसापासून आम्ही अॅल्युमिनियमचे पसरट ट्रे घेतले, चार बोटांपेक्षा जास्त थर कधी नाही, पंख्याखाली वाफ घालवायची आणि दीड-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भाताला तर हाच नियम, फार कडक. खर्च किती आला म्हणाल तर सहा ट्रेचा.

नियम सोपा आहे. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, गार 5 च्या खाली, मधे कमीत कमी वेळ. आमच्याकडे कामाला यायची ती मुलगी म्हणायची, ‘काकू, एकतर चटका बसला पाहिजे नाहीतर दात शिवशिवले पाहिजेत.’ मी अजून भात असाच तपासते.

आणखी एक सांगते, मग थांबते. कुठल्याही दुकानात गेलात तर फडकं बघा. एकाच फडक्याने ओटा, ताट, कपाळाचा घाम आणि कढईचा कान पुसला जात असेल तर बाकीचं विचारायचीही गरज नाही. आमच्याकडे पांढरं ताटांना, निळं ओट्याला, आणि रात्री दोन्ही उकळत्या पाण्यात. आणि बोटाला कापलेलं असेल त्या माणसाला कणकेजवळ उभं करायचं नाही, तो भांडी घासेल. जखमेतल्या जंतूंनीही असाच त्रास होतो.

तक्रारीचं म्हणाल तर, ताई, मी त्याच्या जागी असते तर मला आधी येऊन सांगितलेलं आवडलं असतं.

रात्रपाळी_वाकड

माझा अनुभव वेगळा आहे, मी सगळं अॅपवरून मागवतो, दुकान कधी बघितलेलंच नाही. 4.3 चे तारे बघून मागवायचो. मग एकदा पोट बिघडल्यावर बिलं काढून बघितली. तीन वेगवेगळ्या नावांची दुकानं, एक बिर्याणीचं, एक चायनीजचं, एक ‘घरगुती थाळी’चं, आणि तिन्हीच्या बिलावर परवान्याचा नंबर एकच. म्हणजे भटारखाना एकच. तारे हे चवीचे आणि डबा वेळेत आल्याचे असतात, टोपात भात किती वेळ होता त्याचे नसतात. सिंहगडरोडवाली ताई, तुमच्याकडे निदान जाऊन विचारायला एक दार तरी आहे. मला कुणाच्या दारात जायचं तेच कळलं नाही.

सूक्ष्मदर्शक

मी बरीच वर्षं अन्नतंत्रज्ञान शिकवलं, त्यामुळे कायद्याचं थोडं सांगतो.

दुकान बंद पडण्याची तुमची भीती कमी होईल असं आधी लिहितो. 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात 32 वं कलम आहे, सुधारणा नोटिशीचं. अधिकाऱ्याला त्रुटी दिसल्या की काय दुरुस्त करायचं ते लिहून दिलं जातं आणि त्यासाठी किमान 14 दिवस मिळतात. ऐकलंच नाही तर पुढे परवाना निलंबित होतो. अस्वच्छ जागेत पदार्थ केल्याबद्दल एक लाखापर्यंत दंड आहे, तो वेगळ्या कलमात. म्हणजे तक्रार केली की दुसऱ्या दिवशी कुलूप, असं सहसा होत नाही. जिवाला तातडीचा धोका दिसला तरच लगेच बंदी येते.

उरलेल्या पुलावाबद्दल मात्र खरं ते सांगितलं पाहिजे. याच कायद्यात ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो, पण विकत घेतानाच दुकानदाराला ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं. चार दिवस घरच्या फ्रीजमध्ये राहिलेला डबा पुरावा म्हणून टिकत नाही, तुमच्या घरात तो बिघडला असं कुणीही म्हणू शकतं. त्यापेक्षा दवाखान्याचे कागद, बिल, आणि कुणी काय खाल्लं, कोणाला किती वाजता त्रास झाला याची यादी जपून ठेवा. तुम्ही ती इथे लिहिलीच आहे, आणि फार चांगली लिहिली आहे. अधिकाऱ्याला डब्यापेक्षा या यादीचा उपयोग जास्त. डबा फेकून द्या, चुकून घरात कुणी खाईल.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800-222-365. बिलावर 14 आकडी नंबर असायला हवा, 2022 च्या 1 जानेवारीपासून तो सक्तीचा आहे. 1 ने सुरू होत असेल तर परवाना, 2 ने सुरू होत असेल तर लहान धंद्याची नोंदणी. नंबरच नसेल तर तक्रारीत तेही लिहा.

कार्डिफची_मावशी

माझी धाकटी बहीण वेल्समध्ये कार्डिफला असते. तिकडे प्रत्येक हॉटेलच्या आणि पार्सलच्या दुकानाच्या दारावर हिरवं-काळं स्टिकर असतं, शून्य ते पाच. पालिकेचा माणूस येऊन तपासतो आणि गुण देतो. वेल्समध्ये ते दारावर लावणं 2013 पासून कायद्याने बंधनकारक आहे, शून्य मिळालं तरी लावायचं. इंग्लंडमध्ये मात्र लावणं ऐच्छिक आहे, बहीण म्हणते की तिकडे गेलं की ज्याच्या दारावर स्टिकर नाही त्याचा ती थेट संशय घेते. चारच्या खाली ती मुलांसाठी काहीच आणत नाही.

आपल्याकडेही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, हसऱ्या चेहऱ्यांची स्वच्छता श्रेणी आहे, पण ज्याला हवी तोच घेतो. मला वाटतं आपल्या दारावरही सक्तीने लावली पाहिजे. आपण पुण्यात किती वर्षांचं दुकान आहे आणि बाहेर किती रांग आहे यावर विश्वास ठेवतो. रांग बघून आत फ्रीज चालू आहे का ते कळत नाही.

सिंहगडरोडवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

सासरे घरी आले आहेत. तेच म्हणाले, ‘आधी त्याला सांग, मग कुठे करायची ती तक्रार कर. पाठीमागून नको.’ म्हणून काल मुद्दाम दुपारी चारला गेले, गर्दी नसते तेव्हा. मागचं दार उघडंच होतं. पोळीभाजीवाली ताई, तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं. शेगडीच्या शेजारी, ओट्याखाली, भाताने गच्च भरलेला टोप, वर ओलं फडकं. मी विचारलं, कधी शिजवला? तो म्हणाला, एकला. मी टोपाच्या बाहेरून हात लावला, तो अजून गरम होता. रात्री दहापर्यंत त्यातूनच काढत राहतात.

आधी तो म्हणाला, ‘ताई, रविवारी साठ पार्सल गेली, कुणाचा फोन नाही.’ मी यादी दाखवली, कोणी काय खाल्लं, किती वाजता काय झालं. सासऱ्यांचं नाव वाचल्यावर तो खाली बसला. मग म्हणाला की मोठा फ्रीज दहा दिवसांपासून बंद आहे, दुरुस्तीवाला भाग आणायला गेला तो परत आलाच नाही, आणि छोट्या फ्रीजमध्ये पनीर आणि दही ठेवल्यावर भाताला जागा उरत नाही. ‘भाताला काय होतंय’, असं त्याला खरंच वाटत होतं. पाण्याचं त्याला कळलं होतं कारण ते सगळ्या पेपरात आलं होतं. भाताचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. परवान्याचा कागद भिंतीवर आहे, पण कामाला असलेल्या चौघांपैकी एकाचंही प्रशिक्षण झालेलं नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं.

त्याने तक्रार करू नका म्हणून विनवलं. मी त्याच्यासमोरच सांगितलं की करणार आहे, आणि काय लिहिणार तेही वाचून दाखवलं. फ्रीज बंद आहे, भात सात-आठ तास बाहेर राहतो, तिघं आजारी पडले. एवढंच, वाढवून काही नाही. घरी येऊन फोन केला, तक्रारीचा क्रमांक घेतला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. जिन्यात त्याची बायको भेटली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

रात्री नऊला त्याचा मेसेज आला, तुळशीबागेतून आणलेल्या पाच ट्रेचा फोटो. खाली लिहिलं होतं, ‘फ्रीज येईपर्यंत पुलाव आणि फ्राइड राईस बंद. फक्त रोटी, दाल, भाजी.’ मेन्यूच्या पाटीवर त्या दोन ओळींवर कागद चिकटवलेला आज सकाळी मी बघितला.

मंगळवारी चारला परत जाणार आहे. पोळीभाजीवाली ताई, फ्रीज आला असेल तर त्याला नेमकं काय विचारू? ट्रेमधला भात किती वेळात गार झाला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी वापरला तर चालतो का?

पोळीभाजीवाली_कोथरूड

दीड-दोन तासांत ट्रे फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायचा, आणि एकदा बाहेर काढून उरलेला भात परत आत ठेवायचा नाही. त्याला सांगा, ट्रेवर पट्टी लावून शिजवल्याची वेळ लिही. मंगळवारी मीही येते तुमच्याबरोबर, कोथरूडहून धायरी काही लांब नाही.